तिसरं मंदिर: रोजच्या प्रार्थनेत आहे, मनात किती?

धर्मनिष्ठ ज्यू माणूस दिवसातून तीन वेळा जेरुसलेमच्या दिशेला तोंड करून उभा राहतो आणि एक लांब प्रार्थना म्हणतो. तिचं नाव अमिदा. जेरुसलेम पुन्हा उभं राहू दे, मंदिरातली सेवा पुन्हा सुरू होऊ दे, अशी मागणी या प्रार्थनेतच आहे. ती संपल्यावर तो तीन पावलं मागे सरतो आणि पुन्हा एकदा मागतो, की आमच्या हयातीत, लवकरात लवकर मंदिर बांधलं जावो. जेवण झाल्यावर देवाचे आभार मानताना जेरुसलेमच्या उभारणीची मागणी येते. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणांना मुसाफ नावाची एक जादा प्रार्थना असते आणि त्या दिवशी मंदिरात कोणते बळी दिले जायचे याचं वर्णन हा तिचा गाभा असतो. जेरुसलेममधलं दुसरं मंदिर पडल्याला साडेएकोणीसशे वर्षं झाली, तरी तिसऱ्यासाठी हे मागणं चालू आहे.

आता याच माणसाला विचारा: उद्या सकाळी मंदिर खरोखर उभं राहिलं, तर कोकरू घेऊन तिथे जाशील? ते पुरोहिताच्या हाती देशील, त्याचं रक्त वेदीवर पडताना उभा राहून बघशील? कितीतरी श्रद्धाळू ज्यू इथे अडखळतात. काही ठामपणे 'हो' म्हणतात. काही म्हणतात, 'मशीहा (ज्यू ज्याची वाट बघतात तो उद्धारक राजा) येईल तेव्हा काय करायचं ते तोच सांगेल.' आणि काही जण खासगीत कबूल करतात, की बळींचं वर्णन आलं की ते ओठांनी म्हटलं जातं, मन दुसरीकडे असतं. मग या लोकांना मंदिर खरंच हवं आहे का?

बाहेरून बघणाऱ्यांकडे याची दोन तयार उत्तरं असतात. एक म्हणजे, प्रत्येक धार्मिक ज्यू मनातून मंदिराच्या टेकडीवर आज उभी असलेली अल-अक्सा मशीद पाडायची वाट बघतोय. दुसरं म्हणजे, ही सगळी जुनी पाठांतरं आहेत, त्यांचा अर्थ कुणी मनावर घेत नाही. मला दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात, आणि त्यातलं पहिलं धोकादायकही वाटतं. ज्यू परंपरेने मंदिराची ओढ जपली, आणि ती जपतानाच माणसाने वाट कशी बघायची याचे नियमही घातले. ते नियम समजले तर वरचं अडखळणं म्हणजे ढोंग नाही हे लक्षात येतं.

आधी मंदिर म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे गावात मारुती, वेशीवर म्हसोबा आणि घरात देव्हारा असतो. देव कुठेही स्थापता येतो. ज्यू धर्मात मंदिर एकच, आणि तेही जेरुसलेममधल्या एकाच टेकडीवर. जगभर दिसणारी सिनेगॉग ही प्रार्थनेची आणि शिकण्याची ठिकाणं आहेत, तिथे बळी देता येत नाही. मंदिरात मात्र रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं कोकरू अर्पण व्हायचं. धान्य, तेल, धूप, पहिली फळं तिथे यायची. वर्षातून तीन सणांना लोक यात्रेला निघायचे. पासोव्हरचं, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाचं, कोकरू तिथेच कापून घरच्यांनी मिळून खायचं असे. आणि योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी, वर्षातून त्या एकाच दिवशी, महायाजक अगदी आतल्या परमपवित्र स्थानात जायचा. पापाचं प्रायश्चित्त, शुद्धी, देवाचं सान्निध्य या सगळ्यांचा पत्ता एकच होता.

पहिलं मंदिर परंपरेनुसार शलमोन राजाने बांधलं. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने ते इ.स.पू. ५८६ मध्ये उद्ध्वस्त केलं. दुसरं इ.स.पू. ५१६ च्या सुमारास पूर्ण झालं, पुढे हेरोद राजाने त्याचा भव्य विस्तार केला, आणि इ.स. ७० मध्ये तितुसच्या रोमन सैन्याने ते जाळलं. तिथला सात फांद्यांचा दीपवृक्ष खांद्यावर वाहून नेणारी मिरवणूक रोममध्ये तितुसच्या कमानीवर आजही कोरलेली दिसते. जिला लोक पश्चिम भिंत म्हणून ओळखतात ती मंदिराची भिंत नव्हे. हेरोदाने टेकडीभोवती जो प्रचंड चौथरा केला त्याला आधार देणारी ती भिंत आहे.

ज्या धर्माचं सगळं कर्मकांड एका जागी बांधलेलं, त्याची ती जागा गेल्यावर तो धर्म संपायला हवा होता. तसं झालं नाही, कारण रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, पुढच्या काही पिढ्यांत एक अवाढव्य काम केलं. रब्बी योहानान बेन झक्काईंनी यावने या गावात अभ्यासाचं केंद्र उभं केलं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. ते आपल्या शिष्याबरोबर, रब्बी यहोशुआबरोबर, जेरुसलेमहून निघाले होते. मंदिराचे भग्नावशेष बघून यहोशुआ कळवळला, की जिथे इस्राएलची पापं धुतली जायची ती जागाच गेली. गुरू म्हणाले, बाळ, दुःख करू नकोस. तितकंच समर्थ असं दुसरं प्रायश्चित्त आपल्याकडे आहे, आणि ते म्हणजे दयेची कामं. त्यासाठी त्यांनी होशेय संदेष्ट्याचं वचन दिलं: मला बळी नको, दया हवी. हळूहळू रोजच्या प्रार्थनांच्या वेळा मंदिरातल्या बळींच्या वेळांशी जोडल्या गेल्या. ताल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या कायद्याच्या आणि चर्चांच्या महाग्रंथात, असंही म्हटलं गेलं, की जो पापार्पणाच्या नियमांचा अभ्यास करतो त्याने जणू पापार्पण केलंच.

इथे एक पेच आहे. बळीच्या जागी प्रार्थना आली आणि त्या प्रार्थनेतच बळी परत येऊ दे असं मागितलं गेलं. म्हणजे बदली म्हणून जे आलं त्यानेच मूळ गोष्टीची आठवण जिवंत ठेवली. रब्बींनी हे जाणूनबुजून केलं असावं असं मला वाटतं. नवी घडी बसवायची, पण ही तात्पुरती घडी आहे हे कुणाला विसरू द्यायचं नाही.

त्याच यहोशुआची दुसरी एक कथा ताल्मूदच्या बाबा बात्रा या भागात आहे. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिच्यात आहे. मंदिर पडल्यावर काही लोकांनी मांस आणि दारू सोडली. यहोशुआने कारण विचारलं. ते म्हणाले, जे मांस वेदीवर जायचं ते आता जात नाही, मग आम्ही कसं खावं? जी दारू वेदीवर ओतली जायची ती आता ओतली जात नाही, मग आम्ही कशी प्यावी? यहोशुआ म्हणाला, मग भाकरीही सोडा, धान्याचं अर्पणही थांबलंय. ते म्हणाले, फळांवर राहू. मग फळंही सोडा, पहिली फळंही आता कुणी नेत नाही. ते म्हणाले, दुसरी फळं खाऊ. मग पाणीही सोडा, सणाला वेदीवर पाणीही ओतलं जायचं. यावर ते गप्प झाले. तेव्हा यहोशुआ म्हणाला: मुलांनो, अजिबात शोक न करणं शक्य नाही, कारण आघात झालेला आहे. अती शोक करणंही शक्य नाही, कारण बहुसंख्य लोकांना पेलणार नाही असा नियम समाजावर लादता येत नाही. म्हणून असं करा. घराला चुन्याचा गिलावा द्या, पण थोडी जागा तशीच सोडा. जेवणाची सगळी तयारी करा, पण एखादा पदार्थ कमी ठेवा. बाईने सगळे दागिने घालावेत, पण एखादा राहू द्यावा.

हे फार शहाणपणाचं आहे. घर पूर्ण बांधायचं, त्यात राहायचं, संसार करायचा, आणि दारासमोरच्या भिंतीचा हातभर तुकडा गिलाव्याविना ठेवायचा. काही धार्मिक घरांत आजही असा तुकडा दिसतो. लग्नात नवरदेव पायाखाली काचेचा पेला फोडतो, तोही याच आठवणीपोटी, असं बहुतेक जण सांगतात. आनंदाच्या शिखरावर एक क्षण मोडतोडीचा. बाकी लग्न मात्र नाचगाण्यात होतं.

वर्षाचं पंचांगही असंच आखलेलं आहे. ज्यू पंचांगातल्या तम्मूज महिन्याच्या १७ तारखेला उपास असतो. तिथपासून तीन आठवडे लग्नं होत नाहीत, अनेक जण केस कापत नाहीत. अव महिना लागला की अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत शब्बाथ सोडून मांस आणि दारू बंद. आणि ९ अवला, तिशा बआवला, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत. लोक जमिनीवर बसून मंद उजेडात विलापगीत वाचतात. दोन्ही मंदिरं याच तारखेला पडली असं परंपरा मानते.

विसाव्या शतकातले अमेरिकेतले थोर ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, विचारवंत रब्बी योसेफ सोलोवेचिक यांनी इथे एक मार्मिक गोष्ट दाखवली. घरातलं माणूस जातं तेव्हा ज्यू शोक तीव्रतेकडून सौम्यतेकडे जातो: आधी सात कडक दिवस, मग तीस दिवस, आईवडिलांसाठी वर्ष. मंदिराचा शोक याच्या नेमका उलटा, सौम्य तीन आठवड्यांकडून कडक नऊ दिवसांकडे आणि शेवटी त्या एका दिवसाकडे चढत जातो. ताजं दुःख आपोआप असतं, त्याला ओसरायला वेळ द्यावा लागतो. जुनं दुःख आपोआप येत नाही. ते पायरी पायरीने मनात उभं करावं लागतं.

म्हणून 'खरंच वाटतं का' या प्रश्नातला 'खरंच' मला जरा अन्यायाचा वाटतो. ज्यांनी मंदिर पाहिलं अशी माणसं जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी गेली. आजच्या कुणालाही मंदिराची आठवण असू शकत नाही. त्यांची ओढ शिकलेली आहे, घडवलेली आहे. शिकलेली आहे म्हणून ती खोटी ठरते का? आपण ज्याला भक्ती म्हणतो तीही बऱ्याचदा लहानपणापासून ऐकून, म्हणून, गाऊनच अंगात येते.

याचं एक उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतलं आहे. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, ज्यांना रायगडात शनवार तेली म्हणायचे, आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात. अनेकांच्या सांगण्यानुसार हे पूर्वज दुसरं मंदिर पडण्याच्याही आधी मायदेशातून निघाले होते. शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटलेला हा समाज बरंचसं हिब्रू विसरला होता. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि देव एकच आहे असं सांगणारी शमाची प्रार्थना एवढं त्याने धरून ठेवलं. त्यांच्या जुन्या सणांची नावं मराठी होती, आणि ९ अवच्या दिवसाला ते बिरड्याचा सण म्हणत. जेरुसलेममधल्या आगीचा शोक कोकणात वालाच्या बिरड्याच्या नावाने ओळखला जात होता. त्यांचा मलिदाही विचारात घेण्यासारखा आहे: पोहे, खोबरं, साखर, फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव घ्यायचं. काही अभ्यासकांनी त्याची तुलना मंदिरातल्या धान्यार्पणाशी केली आहे. आणि एलिया म्हणजे ज्यू श्रद्धेनुसार मशीहाच्या आगमनाची वर्दी देणारा. ज्यांनी मंदिर पाहिलं नाही, ते पडल्याची बातमीही कदाचित फार उशिरा ऐकली, त्यांच्या घरातही त्याची जागा राहिली.

आता अवघड भागाकडे येऊ. मंदिर म्हणजे बळी, आणि बळी म्हणजे रक्त. आजच्या माणसाला हे पचत नाही. पण ही अडचण आजचीच आहे असं समजू नये. बाराव्या शतकातले मायमोनिदीस, ज्यांचा शब्द ज्यू कायद्यात आजही प्रमाण आहे, त्यांनी आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात लिहिलं, की बळी ही देवाने माणसाच्या सवयीला दिलेली सवलत होती. त्या काळी सगळं जग बळी देऊनच पूजा करत होतं. ते एकदम बंद करा म्हटलं असतं तर लोकांना झेपलं नसतं. आजच्या लोकांना कुणी संदेष्ट्याने येऊन सांगितलं, की प्रार्थना आणि उपास सोडा, देवाची सेवा फक्त मनातल्या चिंतनाने करा, तर जसं वाटेल तसं त्यांना वाटलं असतं.

हे वाचून वाटेल की मायमोनिदीस बळींच्या विरोधात होते. पण त्याच माणसाने आपल्या कायद्याच्या महाग्रंथात बळींचे नियम बारीकसारीक तपशिलासह लिहिले आणि मशीहा राजा मंदिर बांधेल, बळी पुन्हा सुरू होतील, असं स्पष्ट नोंदवलं. तत्त्वज्ञ मायमोनिदीस आणि कायदेपंडित मायमोनिदीस यांचा मेळ कसा घालायचा यावर आठशे वर्षं वाद चालू आहे. स्पेनमधले रब्बी नाहमानिदीस यांनी तर तेराव्या शतकातच सवलतीच्या कल्पनेवर कडाडून टीका केली. तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, ज्याला देवाला प्रिय सुगंध म्हणते त्याला तुम्ही मूर्तिपूजकांच्या सवयीवरचा उतारा कसा ठरवता, असा त्यांचा रोख होता.

विसाव्या शतकात रब्बी अब्राहाम यित्झाक कूक यांनी आणखी एक वाट दाखवली. ते ब्रिटिश काळातल्या पॅलेस्टाइनचे पहिले अश्केनाझी प्रमुख रब्बी आणि धार्मिक झायोनिस्टांचे, म्हणजे ज्यू राष्ट्रवादाला धर्माचा आधार देणाऱ्यांचे, आजही सर्वांत मोठे गुरू. शिवाय ते स्वतः कोहेन, म्हणजे पुरोहित कुळातले. भविष्यात प्राणीही इतके उन्नत होतील की तेव्हा मंदिरात फक्त धान्याचं अर्पण होईल, असा विचार त्यांनी मांडला. अनेक आधुनिक ऑर्थोडॉक्स ज्यू या विचाराचा आधार घेतात. पण इतर लिखाणात बळी परत येणार हेही कूक यांनी मानलेलं आहे, आणि मंदिराच्या नियमांचा अभ्यास करायला त्यांनी जेरुसलेममध्ये खास पाठशाळाही काढली होती. म्हणजे इथेही दोन्ही आहे. ज्यू परंपरेत मोठ्या माणसांना या विषयावर एकच एक उत्तर देणं जमलेलं नाही, आणि त्यांनी ते जमल्याचं भासवलंही नाही.

ज्यांना हा पेच नको होता त्यांनी प्रार्थनाच बदलली. सुधारणावादी रिफॉर्म चळवळीने १८१८ मध्ये हँबुर्गमध्ये आपल्या प्रार्थनागृहालाच 'टेंपल' हे नाव दिलं, आणि १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी सरळ लिहिलं, की अहरोनाच्या वंशजांकडून, म्हणजे पुरोहित कुळाकडून, होणाऱ्या बलिपूजेची आम्हाला अपेक्षा नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह प्रवाहाने मधला मार्ग काढला. त्यांच्या १९४६ च्या प्रार्थनापुस्तकात मुसाफमधलं 'आम्ही अर्पण करू' हे 'त्यांनी अर्पण केलं' असं झालं. मागणी गेली, आठवण राहिली. ऑर्थोडॉक्स प्रवाहाने शब्दाला हात लावला नाही. तिथे मनातली चलबिचल मनातच राहते, आणि तिला जागा देणारी एक मोठी सोयही आहे: बांधायचं कुणी?

ताल्मूदवरचे सर्वांत प्रसिद्ध भाष्यकार राशी यांच्या मते तिसरं मंदिर तयार स्वरूपात स्वर्गातून उतरेल. मायमोनिदीस म्हणतात मशीहा राजा बांधेल. बहुतेक ऑर्थोडॉक्स लोकांसाठी दोन्हींचा व्यवहारातला अर्थ एकच होतो, की आपण विटा रचायच्या नाहीत. शिवाय शुद्धीचा प्रश्न आहे. मृतदेहाच्या संपर्काने येणारं अशौच तोराच्या गणना या ग्रंथातल्या १९ व्या अध्यायानुसार लाल कालवडीच्या राखेने जातं. पूर्णपणे लाल, निर्दोष, कधी जुवाखाली न आलेली कालवड. ताल्मूदचा गाभा असलेल्या मिश्नात अशा मोजक्याच कालवडींचा उल्लेख आहे, आणि मायमोनिदीस म्हणतात दहावी मशीहा करेल. ती राख नाही म्हणून आज जवळपास प्रत्येक जण अशुद्ध धरला जातो, आणि अशुद्ध अवस्थेत मंदिराच्या पवित्र भागात पाऊल टाकणं हे अत्यंत गंभीर पाप आहे.

याउलट टोकाला पुरोहितांची तयारी मात्र थांबलेली नाही. कोहेन कुळातला माणूस आजही घटस्फोटित स्त्रीशी लग्न करू शकत नाही, कबरस्तानापासून दूर राहतो, सिनेगॉगमध्ये तोरा वाचायला पहिला मान त्याचा असतो. हवाई कंपनीत किंवा बँकेत नोकरी करणारा माणूस, आणि त्याचं आयुष्य जे काम साडेएकोणीसशे वर्षं बंद आहे त्यासाठी अर्धवट राखून ठेवलेलं. हे मला मंदिराच्या ओढीचं सर्वांत भक्कम पुरावा देणारं रूप वाटतं, कारण इथे भावनेचा प्रश्नच येत नाही. वाटो न वाटो, नियम पाळला जातो.

१९६७ पर्यंत हा सगळा विचार सुरक्षित होता. टेकडी कधी रोमनांच्या, कधी बायझंटाइनांच्या, सातव्या शतकापासून बहुतेक काळ मुस्लिम सत्तांच्या हाती होती. तिथे सातव्या शतकाच्या अखेरीला बांधलेला सोनेरी घुमटाचा डोम ऑफ द रॉक आणि अल-अक्सा मशीद आहे. मुस्लिमांसाठी ही मक्का-मदिनेनंतरची सर्वांत पवित्र जागा, हराम अल-शरीफ. अरब देशांशी झालेल्या युद्धात ७ जून १९६७ ला इस्राएली छत्रीधारी सैनिक आत शिरले आणि त्यांचा सेनानी मोता गुर रेडिओवर म्हणाला, मंदिराची टेकडी आपल्या हातात आहे. घुमटावर इस्राएली झेंडा चढला. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी तो उतरवायला लावला आणि आतला कारभार मुस्लिम वक्फकडेच ठेवला. ज्यूंनी भेट द्यायला हरकत नाही, प्रार्थना करायची नाही, असा पायंडा पडला.

दायान धार्मिक नव्हते, म्हणून हे राजकारण म्हणून सोडून देता येईल. पण इस्राएलच्या प्रमुख रब्बीनेटनेही, म्हणजे सर्वोच्च रब्बींच्या संस्थेनेही, फाटकावर फलक लावला, की तोराच्या कायद्यानुसार या टेकडीवर प्रवेश मना आहे. रब्बी कूक यांचे चिरंजीव झ्वी येहुदा कूक, ज्यांच्या शिष्यांनी पुढे १९६७ मध्ये जिंकलेल्या प्रदेशात ज्यू वसाहतींची चळवळ चालवली, तेही वर जाण्याच्या विरोधात होते. सेफार्डी, म्हणजे स्पेन आणि मध्यपूर्वेकडच्या परंपरेतल्या, समाजाचे रब्बी ओवादिया योसेफ यांचंही तेच मत. हरेदी, म्हणजे अतिसनातनी, समाजात आजही हीच भूमिका आहे. जे सर्वांत कडवे धार्मिक, त्यांतले बहुतेक जण त्या टेकडीवर पाय ठेवत नाहीत. ही गोष्ट बाहेरच्यांना कुणी फारशी सांगत नाही, आणि ती सांगितली गेली पाहिजे.

तरीही वारं फिरलंय, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. १९६७ च्या लढाईत छत्रीधारी सैनिक असलेले रब्बी यिस्राएल आरियेल यांनी १९८७ मध्ये टेंपल इन्स्टिट्यूट काढलं. तिथे मंदिरासाठी लागणारी भांडी, पुरोहितांची वस्त्रं, सोन्याने मढवलेला दीपवृक्ष तयार करून ठेवलाय. पॅलेस्टिनींशी १९९३ मध्ये झालेल्या ओस्लो करारानंतर टेकडी हातची जाईल या भीतीने काही वसाहतवादी रब्बींनी वर जायला परवानगी दिली. हे लोक आधी शुद्धिकुंडात स्नान करतात, चामड्याचे बूट घालत नाहीत आणि ठरावीक मार्गानेच फिरतात. आता वर्षाला हजारोंच्या संख्येने धार्मिक ज्यू जातात. पासोव्हरच्या आधी कोकरू किंवा करडू लपवून नेऊ पाहणाऱ्यांना पोलीस जवळजवळ दरवर्षी पकडतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांच्या मदतीने टेक्सासहून पाच लाल कालवडी इस्राएलला आल्या. इतामार बेन-ग्वीर यांच्यासारखे मंत्री उघडपणे टेकडीवर जातात.

याची किंमत रक्तात मोजली गेली आहे. १९८४ मध्ये डोम ऑफ द रॉक उडवून देण्याचा ज्यू अतिरेक्यांचा कट उघड झाला. १९९० मध्ये मंदिराची कोनशिला बसवण्याच्या घोषणेवरून टेकडीवर दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात पॅलेस्टिनी मेले. हमासने ७ ऑक्टोबर २०२३ च्या हत्याकांडाला अल-अक्साचं नाव दिलं. म्हणून या लोकांची संख्या किती हा प्रश्न गौण नाही. पण त्यांची ओढ हीच 'खरी' आणि घरात गिलाव्याचा तुकडा सोडणाऱ्यांची 'लटकी', असं मानणं मला साफ अमान्य आहे. दुसरं मंदिर का पडलं याचं ताल्मूदने दिलेलं कारणच मुळी निष्कारण द्वेष हे आहे. ज्या मार्गाने पुढे गेल्यास दुसऱ्याचं प्रार्थनास्थळ पाडावं लागेल, त्या मार्गाला परंपरेची पूर्ती म्हणायला त्या परंपरेतलेच असंख्य लोक तयार नाहीत.

या ओढीत नेमकं काय आहे, यावर सर्वांत प्रामाणिक वाद १९६७ नंतर एका छोट्याशा प्रार्थनेवरून झाला. तिशा बआवच्या दुपारी नाहेम नावाचा एक मजकूर म्हणतात: शोकाकुल, उद्ध्वस्त, तुच्छ लेखलेल्या, ओसाड नगरीचं सांत्वन कर. पण जेरुसलेम आता ओसाड नव्हतं. रस्ते गजबजलेले, इमारती वर चढत होत्या, शाळा भरत होत्या. तेल अवीवचे प्रमुख रब्बी हायिम दाविद हालेवी म्हणाले, हे वर्तमानकाळात म्हणणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं आहे. त्यांनी क्रियापद भूतकाळात नेलं: जी ओसाड होती. रब्बी श्लोमो गोरेन यांनीही वेगळा पाठ सुचवला. सोलोवेचिक आणि ओवादिया योसेफ यांनी बदलाला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की उद्ध्वस्तता घरांवरून मोजत नाहीत. मंदिर नाही तोवर नगरी ओसाडच.

मला दोन्ही बाजूंचा आदर वाटतो. हालेवींना प्रार्थनेतला प्रत्येक शब्द आपण खरा मानावा असं वाटत होतं, आणि जो माणूस शब्द इतका मनावर घेतो त्याची ओढ कमी आहे असं कोण म्हणेल? सोलोवेचिकांना भीती होती, की भरलेलं शहर बघून लोक जे नाही ते विसरतील. हालेवींनी बदलला तो फक्त काळ. 'अग्नीने तू तिला जाळलंस, अग्नीनेच तू तिला पुन्हा बांधशील' ही शेवटाकडची ओळ त्यांच्या पाठातही तशीच राहिली. तिच्यात बांधणारा देव आहे, म्हणणारा माणूस नाही. बहुतेक ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये आजही जुना पाठ चालतो, काही ठिकाणी हालेवींचा, आणि उपास दोन्हीकडे सारख्याच कडकपणे पाळला जातो.